दगडाला पिंजरा

चि. बारक्यास थोरल्या बहिणीचा आशीर्वाद.

मी मजेत आहे. मुलगा-सून फार जपतात. मी हरवेन म्हणून कामावर जाताना बाहेरून कुलूप घालतात.

खाली रस्त्याकडेला मैलाचा जुना दगड आहे, आपल्या गावाचं नाव कोरलेला. संध्याकाळी सून खाली न्यायची, तेव्हा मी त्यावरच बसायचे. परवा पालिकेचे कोणी साहेब आले. म्हणाले, "आजी, उठा, हा वारसा आहे." दगड घासूनपुसून त्याला लोखंडी पिंजरा घातला. मी म्हटलं, "अरे, इतकी वर्षं तो कुठे पळाला का?"

आता बसायला जागा नाही, म्हणून माझं खाली जाणंही बंद.

तुझा गुडघा कसा आहे? चालवत असेल तर मला न्यायला ये. दुसरी किल्ली समोरच्या शिंपीणबाईकडे असते. तू येणार, असं तिला दाराआडून सांगून ठेवलंय.

तुझी आक्का