घरात माणसं किती

चिरेशू, २ नोव्हेंबर २०११

प्रिय तिबेरिऊ,

तिकडे स्पेनमध्ये अजून ऊन असेल. इथे डोंगरावर धुकं उतरलंय. गुडघा सोडला तर बाबा ठीक आहेत. गाय मागच्या महिन्यात व्यायली. नाताळच्या कार्डापलीकडे मी तुला आठ वर्षांत ओळ लिहिली नाही, तेव्हा हे जाड पाकीट पाहून घाबरू नकोस. सगळे जिवंत आहेत.

यंदा जनगणना झाली. सरपंचांनी शाळेतल्या आम्हा बायकांना कामाला लावलं. माझ्या वाट्याला ओढ्याकाठचं रुगेत, खिंडीखालचं प्लोपेनी आणि आपलं टेकडीवरचं चिरेशू आलं. दहा दिवस चिखलातून बूट ओढत फिरले. आपण लहान असताना चिरेशूत दोनशेच्या वर माणसं होती. आता एकसष्ट. दर दुसऱ्या दाराला कुलूप, आणि शेजारीण कुंपणावरून सांगते, "ते तिकडे परदेशी, तुरिनला गेलेत," जसं काही खालच्या शेतावरच गेलेत.

रुक्सांद्रा मावशी तशीच आहे. वय विचारलं तर म्हणाली, "पंच्याहत्तर लिही."

"मावशी, कागदावर चौऱ्याऐंशी आहे."

"असू दे गं. सरकार वाचेलच, पण कुणा मागणी घालणाऱ्याने वाचलं तर?"

तुझी आठवण काढत होती. तिच्या ज्या अक्रोडावरून पडून तू हात मोडून घेतलास, ते झाड तिने अजून तोडू दिलेलं नाही.

आपलं घर मी शेवटी ठेवलं, शनिवारी. बाबा रविवारचा कोट घालून टेबलाशी बसले. "मी परका आहे असं समजून विचार," म्हणाले.

मी विचारलं, "घरात माणसं किती?"

"तीन."

"बाबा, दोन. तुम्ही आणि मी."

"तीन. तिबेरिऊला लिही."

आठ वर्षांत त्यांच्या तोंडून तुझं नाव मी ऐकलं नव्हतं. वर्षाहून जास्त बाहेर असलेल्यांसाठी वेगळा कागद असतो, असं मी सांगितलं.

"मग काढ की तो. आईच्या शेवटच्या दिवसांत आला नाही, पण पोरगा माझाच आहे. लिही."

माझा हात चालेना. का ते तुला ठाऊक आहे, म्हणूनच हे लिहिणं इतकं जड जातंय.

आई गेली त्या मार्चमध्ये तू तीनदा फोन केलास. "तिकीट काढू का?" विचारलंस. मी म्हटलं, "साधा खोकला आहे, उगाच काम सोडून येऊ नकोस." डॉक्टरांनी मला आदल्याच आठवड्यात सगळं सांगितलं होतं. दोन वर्षं मी आईची कूस बदलत होते, केस धूत होते, चमच्याने सूप भरवत होते. आणि ती दाराकडे बघत तुझंच नाव घ्यायची. तू आलास की मी तिच्या लेखी उरणार नाही, असं मला वाटलं. एवढंच कारण. यापेक्षा चांगलं कारण मी खूप शोधलं.

मग बाबा म्हणाले, "आला नाही," आणि मी गप्प बसले. तूही माझं नाव सांगितलं नाहीस. तुझ्या त्या गप्प राहण्याने मला जास्त जाळलं.

हातात पेन होतं तसंच मी बाबांना सगळं सांगून टाकलं. ते ओरडले नाहीत. खिडकीकडे बघत म्हणाले, "तेव्हा फोनवर मी त्याला काय काय बोललो, ऐकलं होतंस ना?"

"ऐकलं होतं."

उठून ते शेडात आलुबुखारांच्या पिंपांकडे गेले. तासाभराने परत आले, डोळे लाल. "त्याला लिही. सगळं, अर्धंमुर्धं नको. फोन मी करेन."

चार दिवस माझ्याशी मीठ मागण्यापुरतंच बोलतात. बरोबरच आहे.

तेरा तारखेच्या रविवारी, चर्चमधून आल्यावर, ते फोन करतील. उचल. सुरुवातीला बराच वेळ नुसता श्वास ऐकू येईल, ठेवू नकोस. माझ्याशी बोलायचं की नाही ते सावकाश ठरव. माफी मागते आहे, ती मिळेलच असं धरलेलं नाही.

आईच्या उशाशी तुझी जागा अडवून बसलेली,
तुझी बहीण
सावेता