मोरीकडचा लाल माठ

मळ्यातलं घर, मलकापूर
२४ नोव्हेंबर

ती. अक्कास,

धाकट्या क्रांतीचा नमस्कार. पत्राच्या पहिल्या ओळीत 'इकडे सगळं ठीक' लिहायचा रिवाज आहे, तेवढं लिहून मोकळी होते. कवठे महांकाळला थंडी पडली का? भाऊजींचे गुडघे, तुझी शाळा, सईची परीक्षा, सगळ्यांची चौकशी केली असं समज.

फोन सोडून हिला पत्राचं कुठून सुचलं, असं म्हणशील. आई गेल्यापासून आपण फोनवर बोलतो ते सणासुदीला, आणि तेही दोघींना घाई असल्यासारखं. शिवाय या घरात फोनवर बोलायचं म्हणजे धैर्यशील ओट्यावर बसून अर्धं ऐकणार आणि उरलेलं अर्धं स्वतःच गावाला सांगणार. नवरा सोन्यासारखा आहे, पण त्याच्या पोटात काही राहत नाही. कागद बरा. मी मध्येच थांबले तर तो 'काय झालं गं?' म्हणून विचारत नाही.

आमचं बरं चाललंय. उसाला तोड आलीय, ट्रॉल्यांनी रस्ता भरलाय. ऊस एकदा कारखान्याला गेला की वर्षभर त्याच्या बिलाच्या नावाने जपच करायचा. रोजचं मीठमिरची माझ्या पालेभाजीवरच निघतं. हायवेच्या सेवारस्त्याला माझी भाजीची पाटी लागते. नव्या फ्लॅटातल्या बायका गाड्या थांबवून विचारतात, "मावशी, फायबर कशात जास्त?" मी म्हणते, "ज्याला निवडायला कंटाळा येतो, त्या प्रत्येक भाजीत." हसतात आणि दोन पेंड्या जास्त नेतात.

तुला हसू येईल, पण तुझी बहीण आता भाषण करते. मागच्या महिन्यात बचत गटाच्या मेळाव्यात माझ्या हातात माईक दिला. मी आपलं आईचंच सगळं सांगितलं. भाकरीला कोरड्यास म्हणून चमचाभर भाजी घेऊ नका, भाजी पोटभर खा. चाकवत खा, शेवग्याचा पाला खा, दोडक्याच्या शिरा फेकू नका, त्याची चटणी करा. सकाळी चहात खारी बुडवून दिवस काढता आणि मग पोट फुगलं म्हणून गोळ्या घेता. ज्याचा कोठा साफ, त्याचा दिवस साफ. टाळ्या पडल्या. कुणीतरी त्याचा व्हिडिओ केला आणि तेव्हापासून गावात मी 'पोटाची बाई' झाले. शेजारच्या रंगूबाई तर दाराशी येऊन ओरडतात, "आवं पोटाच्या बाई, चार दिस झालं, आमची गाडी फलाटावरनं हलंना!" त्यांना चाकवताचं गरगट आणि ताक सांगितलं. गाडी हलली. नारळ घेऊन आल्या.

त्या मेळाव्यात रंगूबाईंच्या सुनेने, शिवांजलीने, मला बाजूला घेऊन एक विचारलं होतं. मी उत्तर दिलं. ते जाऊ दे.

एक सांगायचं राहिलं. तू उपटलेला वाफा परत आलाय.

आईच्या दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी तू मोरीकडचा, ती माझ्याकडे राहायला आल्यावर लावलेला लाल माठ मुळासकट ओढून काढलास, तो. पदर खोचून, कुणाशी न बोलता. भावकीतल्या बायका बघत राहिल्या. तू म्हणालीस, "या भाजीनं आईला खाल्लं." मी म्हणाले, "भाजीनं कधी कुणाला खाल्लंय का?" मग तूही बोललीस, मीही बोलले, आणि तू न जेवता एसटीत बसलीस. पण माठाचं बी मोहरीपेक्षा बारीक असतं, अक्का. ते आधीच पडून गेलं होतं. मोरीच्या पाण्यावर पुन्हा तसाच तरारून आलाय, आधीपेक्षा दाट. मी तुला कळवलं नव्हतं.

आणि तो रोज कुणीतरी खुडतं. बोटभर देठ मागे ठेवून, आई खुडायची तसा, म्हणजे पुन्हा फुटावा. धैर्यशील म्हणतो, "सासूबाई येत असत्याल. त्यास्नी दुसरी भाजी कवा गोड लागली?" तो चेष्टा करतो. मी हसल्यासारखं करते.

पण मी तिला बघितलंय. भर दुपारी, सगळं गाव निजलेलं असताना. वाफ्याशी उकिडवी बसलेली, हिरवं लुगडं, पाठ माझ्याकडे. मी भांडी घासायची थांबते. ती वळत नाही. सकाळी मोरीच्या भिंतीपलीकडून तिचा आवाज येतो आणि ती रोज एकच विचारते. काय विचारते ते पुढे लिहीन. आता ट्रॉलीवाल्यांना चहा द्यायचाय.


३ डिसेंबर

अक्का, हे पत्र पिठाच्या डब्याखाली ठेवून दिलं होतं. फाडणार होते. पण नवीन लिहायला बसले असते तर पुन्हा चाकवतापासूनच सुरुवात केली असती, म्हणून हेच पुढे चालवते.

वर एक खोटं लिहिलंय. माठ मीच खुडत होते. रोज. धैर्यशील मोटर चालू करायला गेला की जायचे, खुडायचे, लसूण घालून परतायचे आणि रात्रीच्या भाकरीशी खायचे. घरात बाकी कुणी माठ खात नाही. माझ्या एकटीसाठीच करायचे.

तुला आता कळलं असेल. तू नेहमीच माझ्या आधी कळून घेतेस.

आईचं काय झालं ते आपल्याला दोघींनाच ठाऊक आहे. ती परसाकडे जाऊन आली की चेहरा उतरलेला असायचा. मी विचारलं की म्हणायची, "काय न्हाई गं, काल माठ खाल्लाय न्हवं, त्यानं लाल झालंय." आणि खरंच आदल्या दिवशी माठ असायचा. रोजच असायचा. कऱ्हाडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "आजी, रक्त कधीपासून जातंय?" तेव्हा आई काय म्हणाली आठवतं? "रक्त कुठलं सायेब? मी माठ खाती." ते हसले नाहीत. तू भिंतीला धरून उभी राहिलीस. मी मात्र त्यांच्याकडे रागाने बघत होते, आईला खोटं पाडतात म्हणून.

मला तेव्हा वाटलं, आईला खरंच तसं वाटत होतं. आता माहीत आहे की तिला तसं वाटत नव्हतं. तिला भीती वाटत होती, आणि भीतीवर झाकायला तिच्या परसात भाजी होती. मला हे कसं कळलं, ते विचारू नकोस. विचार. तू विचारावंस म्हणूनच तर पत्र लिहितेय.

गौरी-गणपतीपासून मलाही तसंच होतंय. पहिल्या दिवशी बघितलं आणि घाबरले. मग आठवलं, काल माठ खाल्लाय. केवढं बरं वाटलं म्हणून सांगू! दुसऱ्या दिवशी पुन्हा माठ केला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. माठ खाल्ल्यावर लाल झालं तर घाबरायचं कारण नाही, म्हणून मी रोज माठ खाऊ लागले. एवढी वर्षं भाजी विकतेय, लोकांना कशाने काय होतं ते सांगतेय, आणि स्वतः भाजीच्या आड लपून बसलेय. पोट गच्च वाटतं. जेवण अर्ध्यावर सुटतं. ब्लाउज सैल झालेत. रंगूबाई म्हणतात, "क्रांते, बारीक झालीस गं, काय खातीस ते आमास्नी बी सांग."

सकाळी आई भिंतीपलीकडून विचारते, "माठ खाल्लाय न्हवं काल?" मी आतून म्हणते, "व्हय आई." रोज. तिला तेवढंच ऐकायचं असतं, मलाही तेवढंच म्हणायचं असतं.

हे असंच चाललं असतं. पण ती शिवांजली. मेळाव्यात तिने मला विचारलं होतं ते हेच. "काकी, भाजी खाऊन लाल होतं का वो?" आणि मी, माईक खाली ठेवून, हसत हसत म्हणाले, "माठानं हुतंय, बिटानं हुतंय, घाबरू नगंस." तोंड माझं होतं, बोलणं आईचं. घरी आल्यावर हात धुताना मला ते ऐकू आलं. नंतर झोप गेली. तिची पोर अजून अंगावर पिते, अक्का. पत्र अर्धवट टाकलं त्याच संध्याकाळी मी तिच्या दारात गेले आणि म्हणाले, "माठ-बीट आठवडाभर बंद कर. तरी दिसलं तर एक दिवस थांबायचं न्हाई, दवाखाना गाठायचा. मी येते संगं."

तिने केलं तसं. परवा पाटीशी आली, खुशीत. "काकी, गेलं बघा. बिटाचंच हुतं." मी तिला शेपूची पेंडी फुकट दिली.

मी पण तिच्याबरोबरच माठ बंद केला होता. तिला सांगितलं नाही. ताकभात, दुधी, मुळा, मुगाचं वरण, सगळं पांढरं-पिवळं. खिचडीत टोमॅटोसुद्धा घातला नाही. धैर्यशील म्हणाला, "आजारी मानसागत काय जेवतीस?"

पांढरं खाल्लं, अक्का. लालच आलं.

मला भीती वाटते. हे मी तोंडाने अजून कुणाला बोललेले नाही.

काल एकटीच दवाखान्यात जाऊन आले. बी-बियाण्याच्या दुकानात जाते असं घरी सांगून. डॉक्टरीण बाई तरुण आहेत, सरळ बोलतात. म्हणाल्या, मूळव्याध असू शकते, दुसरंही असू शकतं, नुसतं अंदाजाने काही म्हणणार नाही, दुर्बिणीने आतडं बघायचं. मी त्यांना म्हणाले, "अहो, मी आयुष्यभर पालेभाजी खाल्ली, मला कसं होईल?" त्या म्हणाल्या, "खाल्लीत ते चांगलंच केलंत. पुढेही खा. पण भाजी तपासणी करत नाही." मग विचारलं, घरात कुणाला होतं का. आईच्या आतड्यातल्या गाठीचं सांगितलं. त्यांनी लिहायचं थांबवून विचारलं, "बहीण आहे तुम्हाला?"

म्हणून हे पत्र. तुलाही तपासून घ्यायला सांगितलंय. तुला काही होत नसलं तरी. मला राग आहे ना तुझ्यावर, तो असू दे बाजूला, पण हे कर. तू त्या दिवशी वाफा उपटत होतीस तेव्हा तुला सगळं दिसत होतं आणि मला फक्त उपटलेली रोपं दिसत होती. भाजीचा दोष नव्हता हे मी अजूनही म्हणते. पण तू भाजी उपटत नव्हतीस, हे मला आत्ता कळलं.

पुढच्या सोमवारी बोलावलंय. आदल्या दिवशी नुसतं पाणी, पेज आणि ते जुलाबाचं औषध. भाजी पूर्ण बंद. पोटाच्या बाईला भाजी बंद! सांगितलं तर गाव हसेल.

तू रविवारी ये. धैर्यशीलला तू असताना सांगेन. एकटीने सांगितलं तर तो रडेल आणि मलाच त्याची समजूत काढावी लागेल. वाफा तसाच ठेवलाय. ठेवायचा की काढायचा, ते आपण दोघी मिळून ठरवू, पण तपासणी झाल्यावर. आधी नाही.

आज सकाळी आई होती. भिंतीपलीकडून तिने विचारलं, "माठ खाल्लाय न्हवं काल?" माझ्या तोंडात 'व्हय' आलं होतं, आठवडाभर खोटंच म्हणत आले तसं. मी कडीला धरून उभी राहिले आणि म्हणाले, "न्हाई आई. न्हाई खाल्ला." मग रडणं ऐकू आलं. तिचं की माझं, ते मला खरंच सांगता येणार नाही.

रविवारी ये. पहिल्या एसटीने ये. स्टँडवर मी उभी असेन.

तुझी,
माठ न खाल्लेली,
क्रांती