कालवं वाढायचा चांदीचा डाव

मी, ओटिली ब्रँडाऊ, कै. हर्मन ब्रँडाऊ यांची विधवा, राहणार बाल्टिमोर, या मृत्युपत्रात लिहून ठेवते की माझे गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे. मी रागात आहे. पण रागावलेली बाई भ्रमिष्ट नसते, हे वकिलांनाही पटलं आहे. शाळा जेमतेम झाली, तेव्हा माझी भाषा त्यांनी सुधारू नये.

१. घर मुलगा नॉर्बर्ट यास. दारापुढच्या संगमरवरी पायऱ्या दर शनिवारी सून ल्युसील हिने स्वतःच्या हाताने घासाव्यात. घासायची तिला भारी हौस आहे.

२. ती हौस अशी. माझे वडील कारखान्यात चांदीवर ठोकून फुलं उठवायचे. लग्नात आईला त्यांनी स्वतः घडवलेल्या तीन वस्तू दिल्या: कालवांचं सूप वाढायचा डाव, माशांचा कालथा, बटाट्यांचा मोठा चमचा. दांड्यांवर गुलाब, मागे आईच्या माहेरच्या नावाची अक्षरं. तिच्यामागून त्या माझ्याकडे आल्या. आमच्यात चांदी नवरीची असते, सासरची नव्हे. आणि फुलांच्या खाचांतला काळेपणा राखायचा असतो, त्यावरच पाकळी उठून दिसते.

ल्युसीलने डाव उसना नेला. थँक्सगिव्हिंगला तिच्या टेबलावर पाहिला, तर गुलाबांचे नुसते गोळे झालेले.

"मशीनवर घासून आणला, आई. किती काळाकुट्ट झाला होता!"

"आणि मागची अक्षरं?"

"कुणा जुन्या बाईची होती ना? काढली आणि माझी घातली. उरलेले दोन पण द्या, म्हणजे सेट जुळेल."

"ती जुनी बाई माझी आई होती, भवाने!"

नॉर्बर्ट टर्कीवर आंबवलेला कोबी वाढून घेत म्हणाला, "आई, एका डावावरून कशाला तमाशा? जेव ना गुपचूप."

मी उठून घरी आले.

३. सबब डाव ल्युसील हिस कायमचा दिला. नाव तिचं, तर उत्तर देणारं तोंडही तिचंच. माझ्या दफनानंतरच्या जेवणात त्याच डावाने तिने सगळ्या नातलगांना सूप वाढावं, आणि फुलं कुठे गेली असं कुणी विचारलं तर स्वतः सांगावं. नॉर्बर्टने मध्ये बोलू नये, गुपचूप जेवावं.

४. कालथा व चमचा नात एफी हिस, लग्न करो वा न करो. ती ल्युसीलची मुलगी आहे, हा तिचा गुन्हा नव्हे. दोन्ही वस्तू आजच शेजारीण श्रीमती कुबेलिक यांच्याकडे ठेवल्या आहेत. त्यांनी त्या एफीच्याच हातात द्याव्यात, तिच्या आईच्या नाही. एफीने त्या कपाटात मांडू नयेत, रोज वापराव्यात, कोमट साबणपाण्यात हाताने धुवाव्यात. आईच्या अक्षरांखाली माझी अक्षरं मी कधी घातली नाहीत, खोदणावळ वाचवली. ती जागा कोरी आहे. एफीने तिथे आपली घालावीत. वरची तशीच राहतील.

सही: ओटिली ब्रँडाऊ

साक्षीदार: ल्युडमिला कुबेलिक, शेजारीण, ऑगस्ट डेनहार्ट, न्हावी

बाल्टिमोर, ३ डिसेंबर १९५७