रुसलेली मावशी

जव्हार,
९ फेब्रुवारी २०२५

चि. प्रमिला,
अनेक आशीर्वाद. फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहिते. स्वराच्या डोहाळजेवणाची पत्रिका पोचली. वर तुझ्या हातचा एक शब्द नाही. असो. इकडे थंडी आहे, माझी साखरशेतची शाळा चालू आहे.

माझी तब्येत तू विचारली नाहीस, तरी सांगते. पाळी गेल्यापासून अंगातून वाफा निघतात, झोप नाही, आणि खोकलं-हसलं की कपडे ओले होतात. नाशिकच्या डॉक्टरीणबाईंनी व्यायाम दिलाय. लघवी रोखतो तसं खालचं अंग आत ओढून धरायचं, मग सैल सोडायचं. आधी मी पोट आवळून श्वासच कोंडत होते. बाई म्हणाल्या, "अहो, पोट नको, आणि श्वास चालू राहू द्या." आता शाळेला जाताना जीपमध्ये करते. शेजारची भागी विचारते, "बाई, आज गप कशा?"

स्वराच्या लग्नात मी तिच्या मागे लामणदिवा धरून उभी होते. धुरानं ढास लागली आणि साडी भिजली. दिवा तुझ्या जावेच्या, नीताच्या हातात कोंबून बाहेर पळाले. आमच्या ह्यांना, तुझ्या भाऊजींना, गाडीत सगळं सांगितलं. त्यांनी आत येऊन तुम्हाला काय सांगितलं? मानाची साडी आवडली नाही म्हणून रुसलीय! घरी जाब विचारला तर म्हणाले, "मग काय चारचौघांत माझी लाज काढू?" माझी काढलेली चालली.

त्यांचं सोड, मला राग तुझा आलाय. लहानपणी घरात एकच नवं परकर-पोलकं यायचं आणि ते तू घालायचीस. तेव्हा रुसले मी? तरी तू लगेच विश्वास ठेवलास, मोखाडाभर बोललीस. "ताई, काय झालं गं," एवढं विचारायला तोंड उघडलं नाहीस.

व्यायामाचा गुण येतोय. वाफा आहेतच, पण परवा पोरांनी हसवलं, पोट धरून हसले आणि कोरडी राहिले. स्वराला सांग, डॉक्टरांना विचारून तिनंही शिकून घ्यावं. अशा गोष्टी घरात कुणी सांगत नाही.

तेव्हा दुखण्यामुळे येत नाही, असं समजू नकोस. मोखाड्यापर्यंत जीपनं येऊ शकते, चारचौघींत बसू शकते, ओटी भरू शकते.

येणार नाही.

स्वराची मावशी,
विद्युल्लता