कार्डांची मागची बाजू

सोमवार, ५

शी! हात तीनदा साबणाने धुतले तरी शेंबडाचा चिकटपणा जात नाही. बत्तीस पोरं, बत्तीस नाकं — आणि पुसायला माझाच रुमाल. पाटी तर थुंकीनेच पुसायची, असा नियमच आहे जणू.

अक्षरओळख मात्र कडक. गठ्ठ्यातलं कार्ड पुरतं फिरवायच्या आत सगळे ओरडतात — 'भ'! दहा वर्षांची मेहनत आहे. एक गप्पी तेवढी तोंडाला कुलूप लावून बसते. इस्त्रीवालीची मुलगी. टकामका बघते, तिचे ओठ हलेपर्यंत बाकीच्यांचं सांगून झालेलं असतं. पालथ्या घड्यावर पाणी.

मंगळवार, ६

मोठ्या बाईंनी बजावलं, "शुक्रवारी तपासणीला साहेब येतायत. मठ्ठ पोर वर्गात दिसता कामा नये. छोट्या गटात पाठवा सरळ." गप्पीचा कागद भरला, सही केली.

तिची आई दारात उभी. "बाई, घरी ओळखते हो ती. कपडे गुंडाळायच्या रद्दीवरची अक्षरं बोट ठेवून सांगते." सांगेल नाहीतर काय. आपला तो बाब्या!

बुधवार, ७

नवी कार्डं आली. कोरी, चकचकीत. पहिलं दाखवलं — वर्ग चिडीचूप. दुसरं — चिडीचूप. शेवटी एक जण म्हणाला, "बाई, मागून दाखवा ना."

मधल्या सुट्टीत जुना गठ्ठा पालथा घातला. 'भ'च्या पाठीवर चहाचा गोल. 'क'चा कोपरा फाटलेला. 'ल'वर माझ्याच तेलकट अंगठ्याचा ठसा. दहा वर्षं मी पोरांना डाग शिकवत होते.

नंतर गप्पीला एकटीला जवळ बसवलं. नवी कार्डं, एकेक, घाई न करता. सगळी ओळखली तिने — पुटपुटत, एकही न चुकता. शेंबूड ओठावर आला होता. पुसला.

गुरुवार, ८

मोठ्या बाईंकडे गेले. म्हटलं, गप्पीचा कागद परत द्या, माझी चूक झाली. "देते की. काय चूक झाली, ते लिहून द्या फक्त."

तासभर पेन हातात धरून बसले. दोन ओळी लिहिल्या, फाडल्या. स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती. उद्या सकाळी लिहीन.

शुक्रवार, ९

साहेब खूश. "कार्ड फिरायच्या आत ओळखतात की!" म्हणाले. गप्पी पलीकडच्या खोलीत, छोट्या गटात बसली होती. मी जुनीच कार्डं काढली.