एकशेवीस पौंडांचं आकाश

३ मार्च
इंजिन आलं! मोटरसायकलचं, जुनं पण जातिवंत. तीनदा हिशेब केला: माझं विमान एकशेवीस पौंडांचा माणूस सहज उचलेल. धान्यवाल्याच्या काट्यावर उभा राहिलो. एकशे एकाहत्तर. काट्यात दोष आहे. हिलाही हौस आली म्हणून उभी राहिली. एकशे चौदा. पण तो प्रश्नच नव्हता.

५ मार्च
समोरचा घड्याळजीही विमान करतोय म्हणे. अंगाने नुसती काटकी! बावीस वर्षं सायकली दुरुस्त केल्या, त्या काय त्याने माझ्याआधी उडावं म्हणून? वीस तारखेला फोटोग्राफर बोलावलाय. संकल्प: संध्याकाळचं जेवण बंद.

५ मार्च, दिवेलागण
जेवलो. उपाशीपोटी आकडेमोड चुकते.

९ मार्च
हिने पंखांचं कापड दुहेरी शिवलं. म्हणाली, विमान दुसरं होईल, नवरा एकच आहे. वर म्हणाली, मागच्या खोलीत गळतंय, जरा कौलं बघा. आकाशाला निघालेल्या माणसाने कौलं बघावीत?

१४ मार्च
एकशे अडुसष्ट. प्रगती! केस कापले, मिशी काढली. हिने विचारलं, मिशीने काय घोडं मारलं होतं? विमानालाही भोकं पाडून हलकं केलं. एक भोक पेट्रोलच्या टाकीला पडलं. बुजवलं.

१७ मार्च
घड्याळजी आला. हात गळ्यात बांधलेला. त्याचं विमान कुंपणात शिरलं. म्हणाला, मिस्त्री, आता तुम्ही तरी उडा. मला भरून आलं. दोघं जेवायला बसलो. भावनेच्या भरात तीनदा वाढून घेतलं.

१९ मार्च
एकशे बहात्तर. उद्या चपला घालणार नाही.

२० मार्च, दुपार
घरामागच्या मैदानावर तीनदा विमान पळवलं. जमीन सोडेना. त्यात इंजिन बंद पडलं. फोटोग्राफर जांभया देऊ लागला. इंजिन सुरू करायला पुढचा पंखा हाताने फिरवावा लागतो, तो जोर मीच लावणार. म्हणून हिला सीटवर बसवलं. म्हटलं, नुसतं हँडल धरून बस. पंखा गरकन फिरला. मी बाजूला उडी मारली. आज माझी तेवढीच उडी.
ही वर गेली. घराहून उंच! मैदानाच्या पार टोकाला जाऊन उतरली. मी आणि घड्याळजी ऊर फुटेस्तोवर धावलो. वाटेत काय काय मनात आलं ते लिहीत नाही. ही सीटवर शांत बसलेली. म्हणाली, मागची तीन कौलं फुटलीत, आता डोळ्यांनी बघून आले.
फोटो निघाला. त्यात मीच आहे, तोंड उघडं टाकून वर बघताना.

२१ मार्च
सकाळपासून छपरावर आहे. तीन कौलं बदलली. माझ्या भाराने चौथं फुटलं. ही खाली शिडी धरून विचारतेय, पुढच्या खेपेला वळायचं कसं? म्हटलं, खाली आल्यावर सांगतो.
अजून उतरलेलो नाही.