भिंतीवरचा शर्टाचा तुकडा

ती. बाबांना,

डोंगरावरच्या शिकारी मुक्कामातून अर्लीनचा नमस्कार. थंडी सोसतेय. मर्लकाका रोज कुट्टूच्या पिठाची धिरडी घालतात, त्यामुळे जेवणाची आबाळ नाही. आईचा गुडघा कसा आहे?

काल तुमची ठासणीची बंदूक शिकायला घेतली. काका म्हणाले, “पोरी, बंदुकीच्या दारूला एवढ्यात हात लावू नकोस. आधी नळीत गज सोड. रिकामी असेल तर पार बुडाशी जाईल.”

गज चार बोटं वरच राहिला. बंदूक गेल्या नाताळापासून भरलेलीच होती, बाबा. भरलेली बंदूक उंबऱ्याच्या आत नको, असं तुम्हीच म्हणायचात ना? काळजी नको, काकांनी गोळी ओढून काढली.

मग मला झोपच येईना. गेल्या नाताळच्या शिकारीत बर्फात तुमच्या अगदी पुढ्यात हरणाची खुरं उमटली होती. डोंगरावर सगळीकडे बार उडत होते; काकांनी विचारलं, तर तुम्ही म्हणालात, नेम चुकला. नेम चुकला की शर्ट कापायचा, या इथल्या रिवाजाप्रमाणे तुमच्या शर्टाचा मागचा तुकडा कापून सगळ्यांनी हसत भिंतीला ठोकला. तुम्हीही हसलात. पण तुम्ही नेलेला एकुलता बार तर नळीतच होता, उडालाच नव्हता.

काका म्हणतात, “म्हातारा हळवा झालाय, दुसरं काय.” तसंच असेल तर बरं.

तो तुकडा मी काढलाय, सोबत पाठवतेय. आईकडून शिवून घ्या. मला एवढंच कळवा, हरीण तुम्हाला मारवलं नाही की दिसलंच नाही? दिसलं नसेल, तर मी लगेच निघते.

तुमची,
अर्लीन